बार्सिलोनातील पहिला लेओव्हर : नव्या केबिन क्रूसाठी मार्गदर्शन

मुंबई, पुणे, नागपूर, गोवा अशा ठिकाणांहून आखाती देशांतील विमान कंपन्यांत केबिन क्रू म्हणून रुजू झालेली मराठी मुलेमुली बरीच आहेत आणि त्यांच्या रोस्टरवर, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकावर, बार्सिलोनाचे नाव कधी ना कधी उमटतेच. एमिरेट्स, कतार एअरवेज आणि एतिहाद या तिन्ही कंपन्या या शहरात उतरतात. एमिरेट्सचे दुबईहून मेक्सिको सिटीला जाणारे विमानही वाटेत इथेच थांबते. प्रवास साधारण सात तासांचा, पुढे हॉटेलातला मुक्काम जेमतेम एका दिवसाचा आणि समोर भूमध्य समुद्राकाठचे इतके मोठे शहर, अशा वेळी नवीन माणसाला सगळेच पाहून घ्यावेसे वाटते. लेओव्हर हा पुढच्या ड्यूटीसाठी दिलेला विश्रांतीचा काळ असतो आणि शहर पाहणे त्या काळात बसवावे लागते, हे एकदा मनाशी पक्के केले की बाकीचे निर्णय सोपे होतात. हा लेख त्याच क्रमाने, म्हणजे रोस्टर हातात पडल्यापासून पिकअपपर्यंत (परतीच्या उड्डाणासाठी क्रू बस हॉटेलावर न्यायला येते त्या वेळेपर्यंत), काय काय करावे ते सांगतो.

पहिली पायरी : पिकअपच्या वेळेपासून उलटी मोजणी

विमान किती वाजता उतरणार यावरून बेत आखण्याची सवय सोडावी. आखणी नेहमी पिकअपपासून मागे करावी. उदाहरणादाखल असे धरू, की विमान दुपारी दोनला उतरले आणि दुसऱ्या दिवशीचा पिकअप दुपारी एकचा आहे. कागदावर हे तेवीस तास दिसतात. त्यातून विमानतळावरील तपासणी, क्रू बस आणि हॉटेलची खोली मिळेपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ जातो; आठ तास झोपेचे जातात; आणि पिकअपपूर्वीचे दोन तास आंघोळ, जेवण, गणवेश व बॅग यांसाठी राखून ठेवावे लागतात. उरतात ते संध्याकाळचे पाच तास आणि सकाळचे सहा तास. या दोन तुकड्यांत प्रत्येकी एकच भाग पाहायचा, असा नियम करून घ्यावा. अर्धा वेळ मेट्रोत घालवून पाच ठिकाणांची केवळ दारे पाहण्यापेक्षा एकाच भागात पायी हिंडणे शरीरालाही सोसते आणि लक्षातही राहते.

यानंतर घड्याळाचा विचार करावा. बार्सिलोना हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असते, तर उन्हाळ्यात साडेतीन तास. दुबईशी हा फरक अनुक्रमे तीन आणि दोन तासांचा होतो. एका दिवसाच्या थांब्यासाठी शरीराला स्थानिक वेळेची सवय लावण्याचा खटाटोप करू नये, कारण सवय लागेपर्यंत परतीची वेळ झालेली असते. शरीर दुबईच्याच घड्याळावर राहू द्यावे. मग असे होते, की रात्री नऊ-दहाला झोप येते आणि पहाटे पाचला आपोआप जाग येते. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊला सुरू होते, रस्ते मध्यरात्रीपर्यंत गजबजलेले असतात आणि सकाळी मात्र शहर सावकाश उठते. म्हणूनच पाहुण्याची सकाळ ही इथली सर्वांत चांगली वेळ आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या वेळी गर्दी नसते, ऊन कोवळे असते आणि आपण ताजेतवाने असतो.

दिवसाच्या प्रकाशाचाही हिशेब आधीच करावा. जूनमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि साडेनऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे पाच तास पूर्ण उजेडाचे मिळतात. डिसेंबरात सूर्योदय आठच्या पुढे जातो आणि साडेपाचपूर्वीच अंधार पडतो. हिवाळ्यातील लेओव्हरमध्ये संध्याकाळ गजबजलेल्या रस्त्यांसाठी ठेवावी आणि समुद्रासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ.

दुसरी पायरी : कागदपत्रे आणि जाण्याची हद्द

भारतीय पारपत्र असलेल्या क्रूने हा भाग लक्षपूर्वक वाचावा. शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमा नियमावलीत विमान कर्मचाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानुसार दिलेले क्रू मेंबर सर्टिफिकेट असणाऱ्या कर्मचाऱ्याला कामाच्या निमित्ताने विमानतळावर उतरण्याची आणि त्या विमानतळाच्या नगरपालिका हद्दीत प्रवेश करण्याची मुभा त्यात दिलेली आहे. ही मुभा पर्यटकाच्या व्हिसाइतकी व्यापक नाही. मोन्सेरातचा डोंगर, सिट्जेसचा किनारा किंवा जिरोनाचे जुने शहर ही ठिकाणे रेल्वेने साधारण दीड तासाच्या आत गाठता येतात आणि सहकारी सहज म्हणतात, ‘चला, जाऊन येऊ.’ आपण नेमके कोणत्या कागदावर देशात आलो आहोत आणि त्या कागदाने कुठवर जाता येते, हे कंपनीच्या क्रू विभागाला विचारल्याशिवाय शहराबाहेर पाऊल टाकू नये. सोबतच्या सहकाऱ्याकडे युरोपीय पारपत्र असेल तर त्याला लागू असलेला नियम आपल्याला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पारपत्र आणि कंपनीचे ओळखपत्र हॉटेलच्या खोलीतील तिजोरीत ठेवावे आणि बाहेर जाताना पारपत्राची छायाप्रत तसेच मोबाइलमध्ये तिचे छायाचित्र बाळगावे. तिजोरीचे काम झाल्यावर खोलीचे कार्ड आणि हॉटेलचा पत्ता असलेले छापील कार्ड खिशात टाकावे, कारण मोबाइल हरवला की पत्ताही हरवतो. पर्सरला (केबिन क्रूच्या प्रमुखाला) किंवा निदान एका सहकाऱ्याला आपण कुठे जात आहोत व केव्हा परतणार, ते सांगून निघावे. हॉटेलचे नाव, खोली आणि उड्डाणाची वेळ समाजमाध्यमांवर टाकू नये.

पारपत्र खरोखरच चोरीस गेले तर प्रथम पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, लगेच कंपनीला कळवावे आणि मग भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. हा दूतावास आता बार्सिलोनातच आहे, त्यासाठी माद्रिद गाठावे लागत नाही. कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हा एकच क्रमांक पुरतो. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियाच्या पोलिसांना मोसोस देस्क्वाद्रा म्हणतात, तर शहराच्या पोलिसांना ग्वार्दिया उर्बाना.

तिसरी पायरी : शहरात पोहोचणे

बहुतेक कंपन्या क्रू बस देतात, त्यामुळे विमानतळ ते हॉटेल हा प्रश्न उद्भवत नाही. पण काही कंपन्यांची हॉटेले विमानतळाजवळ असतात आणि तेथून शहरात स्वतः जावे लागते. एल प्रात विमानतळ शहराच्या मध्यापासून नैर्ऋत्येला साधारण बारा-तेरा किलोमीटरवर आहे. एरोबुस ही बस दोन्ही टर्मिनलवरून प्लासा कातालुन्या या मध्यवर्ती चौकात साधारण पस्तीस मिनिटांत पोहोचवते. टर्मिनल २ वरून ‘आर २ नोर्द’ ही लोकल गाडी अर्ध्या तासाच्या अंतराने सुटते आणि सांत्स व पासेज दे ग्रासिया या स्थानकांवर थांबते. मेट्रोची एल ९ मार्गिका विमानतळापर्यंत येते खरी, पण तिला खास विमानतळाचे महागडे तिकीट लागते आणि शहराच्या गाभ्यात जाण्यासाठी गाडीही बदलावी लागते.

शहरातील प्रवासासाठी दोन तिकिटे माहीत असावीत. एकट्याने फिरायचे असेल तर टी-कासुआल हे दहा फेऱ्यांचे तिकीट घ्यावे. ते एकाच व्यक्तीला वापरता येते आणि एका फेरीत सव्वा तासाच्या आत मेट्रोतून बसमध्ये किंवा बसमधून मेट्रोत जाता येते. तीन-चार सहकारी मिळून जाणार असतील तर टी-फामिलियार हे आठ फेऱ्यांचे तिकीट घ्यावे, कारण ते सर्वांना मिळून वापरता येते व तीस दिवस चालते. विमानतळावरील मेट्रो स्थानकांत ही दोन्ही तिकिटे चालत नाहीत. मेट्रो रविवार ते गुरुवार मध्यरात्री बंद होते, शुक्रवारी रात्री दोनपर्यंत चालते आणि शनिवारी रात्रभर.

टॅक्सी ओळखायला मुंबईकरांना वेळ लागणार नाही, कारण इथलीही टॅक्सी काळी-पिवळीच आहे. छतावरचा हिरवा दिवा लागलेला असेल तर ती रिकामी असते. रात्री उशीर झाला आणि एकटेच असाल तर पैशांचा विचार न करता टॅक्सीच करावी.

चौथी पायरी : खिसा सांभाळणे

बार्सिलोना हे एरवी सुरक्षित शहर आहे; इथे मारहाणीची भीती फारशी बाळगावी लागत नाही. खिसेकापूंची मात्र बाळगावी लागते, आणि ती मनापासून. ला राम्ब्ला हा रुंद पादचारी रस्ता, मेट्रोची एल ३ मार्गिका, सग्रादा फामिलिया या चर्चचा परिसर आणि किनारा या त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. चोरी जवळपास नेहमी लक्ष विचलित करून होते. कुणी नकाशा पुढे करते, कुणी सहीसाठी कागद धरते, कुणी ‘तुमच्या कपड्यांवर काहीतरी सांडले आहे’ असे सांगून पुसायला येते. अशा वेळी न थांबता, न रागावता चालत राहावे. मेट्रोत दाराशी उभे राहून मोबाइल पाहू नये, कारण दार बंद होण्याच्या क्षणी तो हिसकावला जातो. कॅफेच्या बाहेरच्या टेबलावर मोबाइल ठेवू नये. बॅग खुर्चीच्या पाठीला न अडकवता तिचा पट्टा पायाभोवती घ्यावा. रोख रक्कम वीस-तीस युरोंपेक्षा जास्त नेण्याची गरज नाही. कार्ड सगळीकडे चालते आणि दुसरे कार्ड हॉटेलात ठेवणे शहाणपणाचे आहे.

पाचवी पायरी : संध्याकाळची फेरी, जुन्या शहरातून समुद्राकडे

पहिल्या संध्याकाळी कुठे जावे, या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. एल ४ या पिवळ्या मार्गिकेने झाउमे प्रिमेर स्थानकावर उतरावे. इथून समुद्रापर्यंतचा सारा भाग पायी हिंडण्यासारखा आहे आणि दोन हजार वर्षांचा इतिहास एका तासाच्या चालीत मावतो.

स्थानकाजवळ आधी काररेर देल पारादीस ही अरुंद गल्ली शोधावी. तेथील एका जुन्या इमारतीच्या चौकात रोमन काळातील, सम्राट ऑगस्टसच्या मंदिराचे चार खांब उभे आहेत. प्रत्येक खांब सुमारे नऊ मीटर उंच आहे आणि आजूबाजूच्या भिंती त्यांच्याभोवती नंतर बांधलेल्या आहेत, त्यामुळे घराच्या आत मंदिर सापडावे तसे वाटते. रोमनांनी वसवलेल्या बार्सिनो या वसाहतीचा हा सर्वांत उंच भाग होता. पुढे कॅथेड्रल लागते. तिच्या आतील अंगणात तेरा पांढरे हंसबदक पाळलेले आहेत. शहराची संत एउलालिया हिला तेराव्या वर्षी हौतात्म्य आले, म्हणून तेरा. कॅथेड्रलच्या मागे सांत फेलिप नेरी नावाचा छोटासा चौक आहे. तिथल्या चर्चची भिंत माणसाच्या उंचीपर्यंत खड्ड्यांनी भरलेली दिसते. ३० जानेवारी १९३८ रोजी, स्पेनच्या यादवी युद्धात, इथे बाँब पडले आणि बेचाळीस माणसे दगावली. त्यांत बहुतेक मुले होती. या चौकात शाळा आहे आणि मुले आजही तिथेच खेळतात. इथे छायाचित्रांसाठी हसत उभे राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

तेथून परत स्थानकाकडे येऊन काररेर दे लार्जेन्तेरिया या रस्त्याने उतरत गेले की सांता मारिया देल मार हे चर्च समोर येते. या शहरात एकच वास्तू पाहायला सवड असेल तर मी हीच सुचवीन. बांधकाम १३२९ साली सुरू झाले आणि १३८३ साली पुरे झाले. हे राजाने बांधलेले चर्च नाही. शेजारच्या वस्तीतील दर्यावर्दी, व्यापारी आणि बंदरावरच्या हमालांनी ते उभे केले. या हमालांना बास्ताइशोस म्हणत. त्यांनी मोंजुइक टेकडीच्या खाणीतील दगड पाठीवरून वाहून आणले. मुख्य दाराच्या जवळ जाऊन पाहावे : लाकडी दारावर ओंजळीत मावतील एवढ्या दोन ब्राँझच्या आकृत्या ठोकलेल्या आहेत. पाठ वाकलेली, मानेवर ओझे, पाय पुढे टाकलेला. राजा-सरदारांचा मान चर्चच्या दारावर हमालांना मिळालेला पाहिला की, दिवसभर लोकांचे सामान उचलून वरच्या कप्प्यात ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना बरे वाटल्यावाचून राहत नाही. आत गेल्यावर खांब विलक्षण दूरदूर ठेवलेले दिसतात आणि त्यामुळे सारी जागा मोकळी, हवेशीर वाटते.

तेथून पासेज देल बोर्न ओलांडून दहा-पंधरा मिनिटे चालले की बार्सेलोनेता ही कोळ्यांची व खलाशांची जुनी वस्ती लागते. १७५३ पासून सरळ रेषेत आखून ती वसवली गेली. घरे अरुंद, गल्ल्या सरळ आणि सज्ज्यांवर वाळत घातलेले कपडे असे तिचे रूप अजून टिकून आहे. रात्री उशिरापर्यंत इथे आवाज केल्याने रहिवाशांना त्रास होतो आणि पर्यटकांच्या गर्दीमुळे घरभाडी वाढल्याची त्यांची तक्रार खरी आहे. पाहुण्याने तिथे हळू बोलावे.

सहावी पायरी : जेवण, आणि पेयाबाबतची खबरदारी

मुख्य जेवण दुपारी करावे. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी एक ते चारच्या दरम्यान ‘मेनू देल दिया’ मिळतो. त्यात दोन पदार्थ, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी असे सगळे साधारण पंधरा युरोंच्या आसपास येते. दुपारी दोनला उतरलेल्या क्रूला साडेतीनपर्यंत टेबल गाठता आले तर उत्तम. चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरे रात्रीपर्यंत बंद राहतात. रात्री नऊचे जेवण म्हणजे शरीराच्या दुबईतील घड्याळानुसार अकरा किंवा बारा वाजताचे जेवण, म्हणून संध्याकाळी सातच्या सुमारास थोडे तापास (छोट्या बश्यांतले पदार्थ) खाऊन आवरते घ्यावे.

शाकाहारी माणसाने ‘सोय वेखेतारियाना’ (पुरुषाने ‘वेखेतारियानो’) एवढे म्हणून थांबू नये. अनेक ठिकाणी मांस नाही याचा अर्थ मोठा तुकडा नाही असा घेतला जातो आणि पालेभाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सॅलडमध्ये ट्यूना मासा येतो. म्हणून ‘सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतुन’ असे स्पष्ट सांगावे. ‘तेर्नेरा’ म्हणजे वासराचे मांस आणि ‘सेर्दो’ म्हणजे डुकराचे, हे दोन शब्द मेनूवर ओळखता आले पाहिजेत. एन्साइमादा नावाचा गोल, पिठीसाखर भुरभुरलेला पाव बेकरीत फार मोहक दिसतो. तो परंपरेने डुकराच्या चरबीत केलेला असतो. निर्धास्तपणे खाण्यासारखे पदार्थ म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, तिखटसर रस्सा घातलेले बटाटे म्हणजेच पातातास ब्रावास, हिरव्या पाद्रोन मिरच्या आणि एस्कालिवादा. विस्तवावर भाजलेली वांगी, मिरच्या व कांदा सोलून, वर ऑलिव्ह तेल घालून देतात, ती ही एस्कालिवादा. भरताची आठवण यावी असाच तिचा वास असतो. तिच्यावर कधी कधी अँचोव्ही मासे ठेवतात, तेवढे विचारून घ्यावे. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड तोर्तिया हे पोटभरीचे व स्वस्त अन्न आहे. पाएया ही भाताची डिश मूळची वालेन्सियाची. ती दुपारी खायची आणि बहुधा दोघांसाठीच करून देतात.

अगदी वरण-भाताचीच गरज भासली तर रावाल भागात जावे. तेथील काररेर दे सांत पाउ, काररेर दे लोस्पिताल आणि रांब्ला देल रावाल या रस्त्यांवर पाकिस्तानी, बांगलादेशी आणि भारतीय दुकाने आहेत, डाळ-तांदूळ-पीठ मिळते आणि हिंदीत बोलता येते. हा भाग दिवसा पाहावा. रात्री उशिरा तेथील आतल्या गल्ल्या टाळाव्यात.

मद्याच्या बाबतीत नवीन क्रूने जराही सूट घेऊ नये. भारतीय नियमांनुसार उड्डाणापूर्वी बारा तास मद्य घेता येत नाही आणि अनेक कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. आपल्या कंपनीचा नियम हाच अंतिम मानावा. युरोपातील विमानतळांवर क्रूची श्वासचाचणी अचानक होऊ शकते. अनवधानाने फसण्याच्या जागा इथे दोन आहेत. ‘क्लारा’ मागितली तर लिंबूपाणी येत नाही, लिंबूसोडा मिसळलेली बिअर येते. आणि बाटलीवर ‘सिन आल्कोहोल’ लिहिलेल्या बिअरमध्ये स्पॅनिश नियमांनुसार एक टक्क्याच्या आत मद्यांश असू शकतो. ‘०,०’ असे लिहिलेलीच खरी बिनमद्याची. मुक्काम एका दिवसाचा असेल तर या भानगडीत न पडता ताजा संत्र्याचा रस किंवा ओर्चाता घ्यावा. ओर्चाता हे चुफा नावाच्या लहानशा कंदापासून केलेले, दुधासारखे गार पेय असून त्यात दूध नसते.

विमानातील कोरड्या हवेनंतर पाणी भरपूर प्यावे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, फक्त चवीला जड लागते.

सातवी पायरी : पहाटेचा किनारा

पहाटे पाचला जाग आली की पडून राहू नये. कोकणात किंवा मुंबईच्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाला सूर्य समुद्रात मावळताना पाहण्याची सवय असते. बार्सिलोनाचा किनारा आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्यामुळे इथे सूर्य पाण्यातून वर येतो. बार्सेलोनेताऐवजी त्याच पिवळ्या मार्गिकेवरील बोगातेल किंवा याकुना स्थानकावर उतरून बोगातेलच्या किनाऱ्यावर जावे. तो रुंद, शांत आणि सकाळी पळणाऱ्या-पोहणाऱ्या स्थानिकांचा आहे. १९९२ च्या ऑलिम्पिकपूर्वी या पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि रेल्वेरूळ होते. त्या निमित्ताने ते हलवले गेले आणि बाहेरून वाळू आणून आजचे किनारे तयार झाले. भरती-ओहोटी इथे जवळपास जाणवत नाही, म्हणून पाण्याची रेषा दिवसभर एकाच जागी दिसते. याचा अर्थ समुद्र निरुपद्रवी आहे असा करू नये. उन्हाळ्याच्या हंगामात हिरवे, पिवळे आणि लाल निशाण लावतात. लाल असेल तर पाण्यात उतरायचे नाही, आणि जीवरक्षक नसताना एकट्याने पोहायचे नाही. पाणी जूनपर्यंत बरेच थंड असते.

सामान वाळूवर ठेवून पोहायला जाणे म्हणजे ते देऊन टाकणेच आहे. दोघे असाल तर आळीपाळीने पाण्यात जावे. एकटे असाल तर पाय भिजवून चालत राहावे. शहराच्या नियमांनुसार २०२२ पासून किनाऱ्यांवर धूम्रपानाला बंदी आहे आणि पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर फिरल्यास दंड होतो, म्हणून वरून घालायला एक सैल सदरा जवळ असावा. फेरीवाल्यांकडचे मोहितो (मद्य घातलेले पुदिना-लिंबाचे पेय) आणि डबाबंद पेये घेऊ नयेत. उन्हाळ्यात दहानंतर सावली गाठावी. भाजलेल्या खांद्यांवर गणवेश चढवून सात तास उभे राहणे फार त्रासाचे असते.

आठवी पायरी : सग्रादा फामिलिया पाहायची असेल तर

समुद्राऐवजी सकाळ या चर्चला द्यायची असेल तर तिकीट आधीच, संकेतस्थळावरून, वेळ निवडून काढावे. दारावर रांगेत उभे राहून तिकीट मिळत नाही. पिकअप बदलण्याची शक्यता असते, म्हणून रोस्टर पक्के झाल्यावरच पैसे भरावेत. सोमवार ते शनिवार सकाळी नऊला दार उघडते आणि नऊची वेळ मिळाली तर सव्वादहाला बाहेर पडून अकरापर्यंत हॉटेलात परतता येते. रविवारी ते साडेदहाला उघडते, त्यामुळे दुपारी एकच्या पिकअपशी त्याचा मेळ बसत नाही.

काम १८८२ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते अंतोनी गौदी या वास्तुशिल्पीकडे आले. त्याने आयुष्याची त्रेचाळीस वर्षे त्यात घातली. १९२६ च्या जूनमध्ये त्याला ट्रामने धडक दिली आणि तीन दिवसांनी तो वारला. इमारत मात्र त्यानंतरही पिढ्यानपिढ्या बांधली जात राहिली आहे. सकाळची वेळ निवडण्याचे कारण रंग हे आहे. पूर्वेकडील खिडक्यांच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडील केशरी-तांबड्या. सकाळी सूर्य पूर्वेच्या काचांतून येतो आणि झाडांच्या खोडांसारखे वर जाऊन फांद्या फुटलेले दगडी खांब हळूहळू हिरवट-निळ्या उजेडात न्हाऊन निघतात. दुपारनंतर हेच खांब तांबूस होतात. जन्माचे प्रसंग कोरलेली पूर्वेकडील दर्शनी बाजूही सकाळीच उजळते. ती नीट पाहायला रस्ता ओलांडून समोरच्या प्लासा दे गौदी या बागेत तळ्याच्या पलीकडे उभे राहावे. मनोऱ्यांवर जाण्याचे वेगळे तिकीट पहिल्या खेपेला घेऊ नये. त्यात वेळ जातो आणि आतला भाग घाईत पाहावा लागतो. प्रार्थनास्थळ असल्याने खांदे झाकलेले असावेत.

वेळ हाताशी उरला तर पासेज दे ग्रासिया या रस्त्यावरील गौदीची कासा बात्यो आणि कासा मिला ही दोन घरे बाहेरून पाहावीत. त्यासाठी तिकीट लागत नाही. वाटेत एशाम्पला भागातील चौक निरखावेत. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ साली हा भाग आखला आणि प्रत्येक इमारतीचा कोपरा तिरका कापला, त्यामुळे प्रत्येक चौक अष्टकोनी आणि ऐसपैस झाला आहे. पार्क ग्वेल टेकडीवर आहे, जायला-यायला वेळ लागतो आणि तिथेही वेळेचे तिकीट लागते; ते पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

बोलण्यासंबंधी

शहराच्या पाट्या आधी कातालान भाषेत असतात, नंतर स्पॅनिशमध्ये. ‘बोन दिया’, ‘सि उस प्लाउ’ आणि ‘ग्रासिएस’ हे तीन कातालान शब्द, म्हणजे सुप्रभात, कृपया आणि आभार, दुकानात शिरताना वापरावेत. दुकानात शिरताच आधी अभिवादन करणे ही इथली रीत आहे आणि ती पाळली की समोरचा माणूस खुलतो.

खरेदी

केशर, धुरावलेली लाल मिरचीपूड म्हणजे पिमेंतोन, ऑलिव्ह तेल आणि तुरोन ही बदामाची मिठाई या वस्तू घरी न्यायला चांगल्या. त्या ला राम्ब्लावरच्या दुकानांतून न घेता साध्या सुपरमार्केटातून किंवा सांता कातेरिनाच्या मंडईतून घ्याव्यात. रंगीत लाटांसारखे छप्पर असलेली ही मंडई कॅथेड्रलपासून जवळ आहे. रविवारी मंडया व बहुतेक दुकाने बंद असतात. तेलाची बाटली हातातल्या बॅगेत ठेवू नये.

शेवटची पायरी : पिकअपपूर्वीचे दोन तास

हॉटेलात परतल्यावर आधी मोबाइल चार्जिंगला लावावा आणि रोस्टरवर किंवा रिसेप्शनवर पिकअपच्या वेळेत बदल झाला आहे का ते पाहावे. तिजोरी उघडून पारपत्र व ओळखपत्र तेव्हाच गणवेशाच्या खिशात किंवा क्रू बॅगेत ठेवावे. केस धुऊन मीठ काढावे, बुटांतली वाळू झटकावी, हलके जेवण करावे आणि शक्य असल्यास वीस मिनिटे पाय उंच करून पडावे. कानात दडे बसले असतील, पोट बिघडले असेल किंवा ऊन बाधले असेल तर लॉबीत उतरेपर्यंत वाट पाहू नये. सर्दीने बंद झालेल्या कानांनी उड्डाण केल्यास कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. पर्सरला व कंपनीच्या क्रू विभागाला जितक्या लवकर कळवाल तितका त्यांना बदली माणूस किंवा डॉक्टर यांची सोय करायला वेळ मिळतो.